सगळं गाव टीव्ही बघायला यायचं. बसायचं कुठं?

आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक फॉरवर्ड फिरतो. त्यात दूरदर्शनचं ते गोल फिरत जुळणारं चिन्ह असतं, सरकत्या दाराच्या लाकडी पेटीतला टीव्ही असतो, कौलांवर वाकडा झालेला अँटेना असतो. खाली लिहिलेलं असतं की ज्यांनी हे पाहिलं त्यांचंच बालपण खरं. मग एकेक जण सुरू होतो. कुणाला ‘हम लोग’ आठवतं, कुणाला ‘नुक्कड’, कुणाला ‘मालगुडी डेज’मधला स्वामी. आम्ही चार मराठी माणसं आहोत बंगळुरूच्या त्या ऑफिसात. ती ‘चिमणराव’, ‘गजरा’ आणि ‘साप्ताहिकी’वर येतात. मीही अंगठा वर केलेलं चिन्ह टाकून मोकळा होतो.

मागच्या खेपेला एका सहकाऱ्यानं लिहिलं, ‘आमच्याकडे रविवारी सगळं गाव टीव्ही बघायला यायचं. तेव्हा जातपात काही नव्हती. हे सगळं नंतर राजकारण्यांनी आणलं.’ त्याखाली भराभर बदामाची चिन्हं पडली. हा सहकारी माझ्याच मराठवाड्यातला, माझ्याच वयाचा, माणूस म्हणून चांगला. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या घरी खरोखरच सगळं गाव येत असणार. फरक एवढाच की मी त्या येणाऱ्या गावातला आहे. मी एक प्रश्न टाइप केला: ‘सगळं गाव बसायचं कुठं?’ आणि पाठवायच्या आधी पुसून टाकला. पन्नाशीकडे झुकलेला, दोन पदव्या घेतलेला माणूस मी, आणि चार शब्दांचा प्रश्न मला पाठवता आला नाही. हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे.

माझं गाव औरंगाबादपासून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरपासून, एसटीनं दीड तासावर. २५ जानेवारी १९८७ च्या रविवारी ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा मी तिसरीत होतो. गावात चालू टीव्ही एकच, पाटलांच्या वाड्यात. तो ढाळजेत ठेवलेला असायचा. साडेनऊच्या आत त्याला हार घातला जायचा, उदबत्ती लागायची. सतरंजीवर घरची माणसं आणि भावकी. सतरंजीच्या मागं उघड्या फरशीवर माळ्यांची, कुंभारांची, न्हाव्यांची पोरं. आणि बाहेर अंगणात, खिडकीचे गज धरून, आम्ही बौद्धवाड्यातली आणि मांगवाड्यातली. आम्हाला कधी कुणी हाकललं नाही, कारण आम्ही कधी आत गेलोच नाही. कुणी कधी सांगितलंही नव्हतं. तिसरीतल्या पोराला आपली जागा कुठली हे सांगावं लागत नाही, इतकं ते आधीच शिकवून झालेलं असतं.

खिडकी तिरकी पडायची. त्यात सकाळचं ऊन काचेवर यायचं. मला पडद्याचा डावा भाग दिसायचा, उजव्या भागात काय चाललंय ते आवाजावरून ओळखायचं. तहान लागली तर वरून धार धरली जायची आणि आम्ही ओंजळ करायचो. मालिका देवाची, म्हणून आतली माणसं चपला काढून बसायची. आमच्यातल्या ज्यांना चपला होत्या तेही बाहेर मातीत चपला काढून उभे राहायचे. ते आठवलं की मला आजही स्वतःचाच राग येतो, आणि मग लहानपणच्या त्या पोराची दयाही येते.

माझा बाप त्याच वाड्यात सालगडी होता. सगळा देश टीव्हीसमोर बसलेला असायचा असं जे सांगितलं जातं, त्या देशात माझा बाप नव्हता. तो भिंतीपलीकडच्या गोठ्यात शेण काढत असायचा. वीज गेली की त्याला हाक पडायची. मग तो ट्रॅक्टरची बॅटरी काढून उचलून आणायचा. ढाळजेच्या उंबऱ्यापर्यंत बॅटरी माझ्या बापाच्या खांद्यावर, उंबऱ्याच्या आत पाटलांच्या मुलाच्या हातात. टीव्ही पुन्हा सुरू झाला की खिडकीतून आम्ही पोरं ओरडायचो, आणि बाप परत गोठ्याकडे जायचा. त्या मालिकेचा एकही भाग त्यानं पुरता पाहिला नाही. त्याच्या बॅटरीवर मात्र कित्येक भाग पाहिले गेले.

मराठीत नॉस्टॅल्जियाला ‘स्मरणरंजन’ असा शब्द आहे. रंजन करणारी आठवण. शब्द मोठा प्रामाणिक आहे. रंजनाला जे नको ते आठवणीतून बाजूला काढावं लागतं, हे त्यातच आलं. सतरंजी आठवते, खिडकी आठवत नाही. उदबत्ती आठवते, ओंजळ आठवत नाही. आणि मग वाक्य तयार होतं: तेव्हा जातपात नव्हती. खरं वाक्य असं आहे की तेव्हा जात इतकी जागच्या जागी होती की सतरंजीवर बसलेल्याला ती दिसायची गरजच पडत नव्हती.

आता त्याच मालिकेच्या काळात महाराष्ट्रात आणखी काय चाललं होतं ते बघू. १९८७ साली महाराष्ट्र शासनानं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन आणि भाषणांचा चौथा खंड प्रकाशित केला. हा ‘रिडल्स इन हिंदुइझम’चा खंड. त्यात राम आणि कृष्ण यांच्यावरचं एक परिशिष्ट आहे. रामाच्या कथेला बाबासाहेबांनी तिथं सरळ प्रश्न विचारलेत: वालीला कसं मारलं, सीतेला कसं वागवलं, शंबूकाला का मारलं. म्हणजे एकाच वेळी रविवारी सकाळी सरकारी वाहिनीवर राम होता आणि सरकारी छापखान्यातून निघालेल्या पुस्तकात रामाला विचारलेले प्रश्न होते. वाहिनीवरच्या रामाला हार पडत होते. पुस्तकाची प्रत जानेवारी १९८८ मध्ये अमरावतीत जाळली गेली. शिवसेनेनं तो मजकूर काढून टाका म्हणून रान उठवलं. सरकारनं तो वगळायची तयारी दाखवली. मग ५ फेब्रुवारी १९८८ ला मुंबईत लाखो आंबेडकरी माणसांचा मोर्चा निघाला. परिशिष्ट राहिलं. फक्त या मतांशी सरकार सहमत नाही अशी टीप त्याला जोडली गेली. ती टीप आजही त्या खंडात आहे, काढून बघा.

आमचे चुलते, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, त्या मोर्चाला गेले होते. मनमाडला गाडी बदलून, गर्दीत उभ्यानं. मोर्चा शुक्रवारी होता, नाना रविवारी पहाटे परत आले. त्या रविवारी आम्ही पोरं नेहमीसारखी खिडकीशी गेलो. भावकीतला एक जण उठून आला आणि म्हणाला, ‘तुमच्या पुस्तकात रामाला काय काय लिवलंय म्हणं. मग हितं कशाला येता?’ आणि त्यानं खिडकीची फळी लावून घेतली. एवढंच. मारहाण नाही, शिवी नाही. आतून आवाज मात्र येत होता. आम्ही थोडा वेळ आवाजावरच मालिका ऐकत उभं राहिलो, हे सांगायला मला लाज वाटते. मग नानांनी येऊन आम्हाला घरी नेलं.

माझ्या सहकाऱ्याच्या आठवणीत हा रविवार नसणार. त्याच्या बाजूनं तर फक्त फळी लागली होती.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. तिला दूरदर्शनच्या सुवर्णकाळाच्या गप्पांत क्वचित जागा मिळते, मिळालीच तर विनोद म्हणून. जुलै १९८८ च्या शेवटी ‘रामायण’ संपलं ते रामाच्या राज्याभिषेकावर. उत्तरकांड दाखवायचं नव्हतं. पंजाबात जालंधरच्या सफाई कामगारांनी संप केला. ते वाल्मीकी समाजाचे. ज्या ऋषीचं नाव त्यांच्या समाजानं घेतलंय, तो ऋषी सीतेला आसरा देतो, लवकुशांना शिकवतो, तो भागच गाळून मालिका संपवली जात होती. संप उत्तरेतल्या इतर शहरांत पसरला. कचरा साठत चालला, रोगराईची भीती उभी राहिली, आणि सरकार हललं. पुढचे भाग काढायचं ठरलं, ‘उत्तर रामायण’ आलं.

आंबेडकरी माणूस म्हणून या संपाकडे बघताना माझ्या मनात दोन गोष्टी येतात. पहिली अशी की लढून मिळवलं काय, तर त्याच कथेत आपल्याला थोडी जागा. नानांना हे पटलं नसतं. ते म्हणाले असते, त्या कथेतून बाहेर पडा. पण दुसरी गोष्टही तितकीच खरी आहे. मालिका बघताना रस्ते ओस पडायचे असं सगळे कौतुकानं सांगतात. ते ओस पडलेले रस्ते सकाळी झाडलेले कुणी असायचे, हे देशाला कळलं ते झाडू खाली ठेवल्यावर. दूरदर्शनच्या कार्यक्रमपत्रिकेवर प्रेक्षकांनी मिळवलेला एवढा मोठा विजय मला दुसरा माहीत नाही. तो आतल्या सतरंजीवर बसलेल्यांनी मिळवलेला नाही. त्यामुळे त्या संपावर हसणाऱ्यांबरोबर मी हसत नाही.

फळी लागल्यानंतर आमच्या वाड्यात टीव्ही आला. वाळूजच्या कारखान्यात लागलेल्या एका भावानं जुना ब्लॅक अँड व्हाइट हप्त्यावर घेतला आणि जागा नाही म्हणून विहारात ठेवला. तोवर २ ऑक्टोबर १९८८ ला ‘महाभारत’ सुरू झालं होतं. आता विचार करा: बुद्धविहार, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, बावीस प्रतिज्ञांचा फलक, त्यातली दुसरीच प्रतिज्ञा राम आणि कृष्णाला देव न मानण्याची, आणि खाली टीव्हीवर कृष्ण. वस्तीत जोरदार भांडण झालं. काही जण म्हणाले हे विहारात चालणार नाही. काही बाया म्हणाल्या, पोरं परत त्या खिडकीशी जाणार असतील तर इथंच बघू द्या. शेवटी नानांनी तोडगा काढला. बघायचं, पण संपल्यावर उठायचं नाही. दर रविवारी मालिका संपली की टीव्ही बंद व्हायचा आणि नाना विचारायचे, ‘आज कुणावर अन्याय झाला? कुणी केला? करताना नाव कशाचं सांगितलं?’

एकलव्याचा भाग झाला त्या रविवारी विहारात बराच वेळ कुणी बोललं नाही. शाळेत गुरुजींनी ही गोष्ट गुरुभक्तीची म्हणून शिकवली होती आणि मी हात वर करून ती तशीच म्हणूनही दाखवली होती. माझी आजी कोपऱ्यात बसली होती. तिला सही येत नव्हती, सगळीकडे अंगठा लावायची. ती म्हणाली, ‘त्यानं मागितला त मागितला, ह्यानं देला कामून?’ आम्ही पोरं हसलो. नाना हसले नाहीत. ते म्हणाले, ‘हिचं बराबर हाय. मागणारा कोण व्हता ते तं ध्यानात ठेवाच. पण देऊ नका.’

माझ्या बालपणीच्या टीव्हीची ही आठवण आहे आणि ती मला प्रिय आहे. मी काही कोरडा माणूस नाही. ‘महाभारत’ची सुरुवात ऐकली की माझ्याही अंगावर काटा येतो. कर्णाचा रथ रुतला तेव्हा मी विहारात रडलो होतो. प्रेम होतं, हे नाकारायचं कशाला? पण त्या प्रेमाला लागून खिडकी आहे, बॅटरी आहे, बंद झालेली फळी आहे, आणि नानांचे प्रश्न आहेत. यातलं एक सांगायचं आणि बाकीचं गिळायचं, एवढंच मला आता जमत नाही.

यावर नेहमीचं उत्तर येतं: प्रत्येक गोष्टीत जात कशाला आणता? साध्या करमणुकीच्या मालिका होत्या. बरं, करमणूकच धरू. त्या करमणुकीत ‘सामान्य माणूस’ कोण होता? आर. के. लक्ष्मण यांच्या व्यंगचित्रांवरून आलेला वागळे. मराठीत चि. वि. जोशींचे चिमणराव. ही कामं चांगली होती, दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आठवून मलाही हसू येतं. पण त्या पडद्यावरचा सामान्य माणूस म्हणजे नोकरी, घर, वेळेवर चहा आणि एक ठरावीक आडनाव असलेला माणूस, हे आमच्या मनात इतकं बसलं की आपण सामान्यसुद्धा नाही, असं आम्हाला वाटायला लागलं. कॉलेजात गेल्यावर माझी बोली, माझा डबा, माझं आडनाव यांची मला जी लाज वाटायची, तिचा थोडा वाटा त्या पडद्याकडेही जातो.

दुसरं उत्तर जास्त गंभीर आहे. दूरदर्शननं ‘सद्गती’ केली, ‘तमस’ केली, ‘भारत एक खोज’ केली, त्याचं काय? मान्य. ‘भारत एक खोज’च्या ५३ भागांत एक भाग महात्मा फुल्यांचा होता आणि सदाशिव अमरापूरकरांनी फुले उभे केले होते. आजच्या कुठल्या वाहिनीकडून मी तेवढीही अपेक्षा ठेवत नाही. सत्यजित राय यांनी १९८१ साली दूरदर्शनसाठी प्रेमचंदांच्या कथेवर ‘सद्गती’ केली. त्यातला दुखी मुलीच्या लग्नाचा मुहूर्त काढून घ्यायला ब्राह्मणाच्या दारी जातो आणि उपाशीपोटी लाकूड फोडता फोडता मरतो. त्याचं प्रेत दोरीनं ओढून नेलं जातं. १९८८ च्या ‘तमस’मधला नत्थू कातड्याचं काम करणारा. त्याच्याकडून डुक्कर मारून घेतलं जातं आणि पुढच्या सगळ्या रक्तपाताचं ओझं तो मनावर घेऊन फिरतो. दोन्ही भूमिका ओम पुरींनी केल्या आणि त्या विसरता येत नाहीत.

पण एवढ्यावर थांबून बघा. पडद्यावरचा आपला माणूस एकतर मरतो, नाहीतर दुसऱ्याच्या पापानं पिचतो. त्याचं दुःख खरं होतं, पण ते बघणाऱ्याला पाझर फोडण्यापुरतं वापरलं गेलं. त्या वर्षी लाखोंच्या मोर्चात मुंबईत चालणारा माणूस, मनमाडला गाडी बदलणारे नाना, विद्यापीठाच्या नामांतरासाठी वर्षानुवर्षं तुरुंगात जाणारी मराठवाड्यातली पोरं, हे कुठल्या मालिकेत होते? विधिमंडळानं १९७८ साली ठराव केला आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधली सोळा वर्षं म्हणजेच तो दूरदर्शनचा सुवर्णकाळ. आमच्याकडची घरं ज्या काळात जळाली, तोच काळ आज ‘किती साधे दिवस होते’ म्हणून फिरतो आहे.

आणि हा सुवर्णकाळ नेमका कधी संपला असं सांगितलं जातं? नव्वदीच्या सुरुवातीला. कारण म्हणून केबल सांगितली जाते, ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं: ‘महाभारत’ जून १९९० मध्ये संपलं आणि ७ ऑगस्टला व्ही. पी. सिंगांनी मंडल आयोगाच्या शिफारशींनुसार इतर मागासवर्गांना २७ टक्के आरक्षण जाहीर केलं. दिल्लीत उच्चजातीय विद्यार्थी रस्त्यावर उतरले. निषेध म्हणून त्यांनी हातात झाडू घेतले, बूट पॉलिश केले. आमच्यावर आता ही कामं करायची वेळ येणार, असं त्यांना सांगायचं होतं. दोन वर्षांपूर्वी जालंधरात झाडू खाली ठेवला गेला होता तो आपली मागणी मान्य व्हावी म्हणून. इथं झाडू उचलला गेला तो या कामाची किळस दाखवण्यासाठी. ‘जातपात नंतर राजकारण्यांनी आणली’ या वाक्यातला ‘नंतर’ म्हणजे हाच ऑगस्ट. खिडकीबाहेर उभी राहणारी माणसं अर्ज भरायला लागली, ऑफिसात शेजारच्या खुर्चीवर बसायला लागली, तेव्हा जात आली. त्याआधी ती नव्हती.

तुम्ही म्हणाल, आम्ही त्यानंतर जन्मलो, आमचं बालपण वेगळं. तुमच्यातल्या अनेकांचं बालपण ‘शक्तिमान’चं आहे. १९९७ पासून पुढं शनिवार-रविवार तुम्हीही गोल गोल फिरला असाल. त्या महानायकाचं रोजच्या जगातलं नाव आठवा: पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री. आपण ते नाव एका दमात म्हणायची शर्यत लावायचो. जगाला वाचवणारा माणूस साध्या वेशात आला तरी पंडित आणि शास्त्रीच असणार, हे आपण खेळता खेळता पाठ केलं. ज्या मुलाच्या आडनावावर वर्गात हसलं जायचं तोही ते नाव अभिमानानं म्हणायचा. हे करणाऱ्यांनी काही कट केला होता असं मी म्हणत नाही. कटाची गरज नव्हती, म्हणूनच तर मला ते जास्त खुपतं.

स्मरणरंजन निरुपद्रवी असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी २०२० चा मार्च-एप्रिल आठवावा. २५ मार्चपासून देश बंद झाला. २८ मार्चला दूरदर्शनवर ‘रामायण’ पुन्हा सुरू झालं, लोकांच्या मागणीवरून असं सांगून. माहिती आणि प्रसारण मंत्र्यांनी घरी बसून मालिका बघतानाचा आपला फोटो ट्विटरवर टाकला. टीका झाली तेव्हा तो काढला. कारण त्याच दिवसांत लाखो मजूर बायकापोरांसह रस्त्यानं चालत होते. आतले बघत होते, बाहेरचे बाहेर होते. ८ मे ला आमच्याच भागात, करमाडजवळ, रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. मध्य प्रदेशाकडे निघालेले, बरेचसे गोंड आदिवासी. रुळांवर त्यांच्या भाकरी विखुरल्या होत्या, तो फोटो तुम्ही पाहिला असेल. मालिकेनं त्यांना मारलं असं मी म्हणत नाही. पण संकटात सापडलेल्या देशाला धीर द्यायला सरकारला जे आधी सुचलं त्यात सतरंजीवरच्या माणसाचं बालपण होतं. रस्त्यावरच्या माणसासाठी श्रमिक गाड्या मे महिन्यात सुटल्या.

आता तुमच्याशी थोडं सरळ बोलतो. घरातला पहिला पदवीधर म्हणून तुम्ही हैदराबादला, इंदूरला, पुण्याला, बंगळुरूला नोकरी करत असाल. चहाच्या वेळी ही चर्चा निघते. कोण कुठली मालिका बघायचं, कुणाच्या आजीनं काय लाडू केले, कुणाच्या वडिलांनी पहिला रंगीत टीव्ही कधी आणला. ही चर्चा वरवर गोड असते, पण ती एक प्रवेशपरीक्षासुद्धा असते. तुम्ही आमच्यातले आहात का, हे त्यात तपासलं जातं. मी वीस वर्षं ती परीक्षा खोटं लिहून पास झालो. ‘आमच्याकडे पण’ असं म्हणत राहिलो. आमच्याकडे नव्हता. आम्ही दुसऱ्याच्या दारात उभं राहून बघितलं. एकदा तर मी सतरंजीचा रंगसुद्धा सांगितला, जणू काही मी तिच्यावर बसलो होतो. या खोटेपणानं माझं काय गेलं? माझा बाप गेला. बॅटरी उचलणारा तो माणूस मी माझ्या आठवणीतून स्वतःच्या हातानं काढून टाकला, आणि सहकाऱ्यांनी मला आपलं म्हटलं.

आपल्याकडे आठवायला कमी नाही. चौदा एप्रिलच्या रात्रीचे कव्वालीचे सामने, वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजाच्या झिजलेल्या कॅसेटी, टेपरेकॉर्डर विहाराच्या पायरीवर ठेवून उशिरापर्यंत बसलेली वस्ती. या गोष्टी कुठल्या फॉरवर्डमध्ये येत नाहीत, कारण त्या दूरदर्शनवर आल्या नाहीत. तुम्ही सांगितल्या नाहीत तर त्या झाल्याच नव्हत्या असं ठरेल. आणि मालिकांबद्दल बोलायचं तर तेही बोला. फक्त पूर्ण बोला. टीव्ही कुणाचा होता, आपण कुठं बसलो, आई-बाप त्या वेळी काय काम करत होते, पाणी कसं मिळालं. आई-बाप असतील तर त्यांना आजच फोन करून विचारा. माझा बाप गेला तेव्हा मी त्याला हे विचारलेलं नव्हतं. उंबऱ्याशी बॅटरी दुसऱ्याच्या हातात देताना त्याची नजर आत टीव्हीकडे जायची की खाली, ते मला माहीत नाही. खिडकीतून मी टीव्हीकडे बघत होतो, त्याच्याकडे बघितलंच नाही.

गेल्या आठवड्यात तो फॉरवर्ड पुन्हा आला. या वेळी मी प्रश्न पाठवला. ग्रुपवर बराच वेळ शांतता होती. मग कुणीतरी क्रिकेटचं काहीतरी टाकलं आणि गाडी पुढं गेली. रात्री उशिरा त्या सहकाऱ्याचा मला एकट्याला मेसेज आला: ‘बाहेर अंगणात बसायचे काही जण. आत जागा नव्हती ना.’ मी त्याला विचारलं, ‘अंगणात बसणारे दर रविवारी तेच असायचे, की बदलायचे?’

दोन निळ्या खुणा आल्या आहेत. उत्तर अजून आलेलं नाही. मी वाट बघतो आहे.

जयभीम.